पतीचा कारावास आणि पत्नीचा प्राप्तिकर

घरातील एखादी व्यक्ती कारागृहात गेली की पहिले काही आठवडे वकील, जामीन आणि भेटीचा वार यांखेरीज कुटुंबाला दुसरे काही सुचत नाही. पुढे जून-जुलै उजाडतो आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याचे दिवस येतात. पतीच्या नावे एखादी नोटीस टपालाने येऊन पडते. पत्नीच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. त्यांचा कर आता मी भरायचा का? आणि त्यांची सही कोणी करायची? कारागृहातील बंदिवानांच्या घरी ये-जा असणाऱ्या कोणत्याही धर्मगुरूला हे प्रश्न परिचयाचे आहेत. त्यातच अमेरिकेतला एखादा आप्त फोनवरून सांगतो की, 'आमच्याकडे नवरा-बायको मिळून एकच विवरणपत्र भरतात, तुम्हीही तसेच करा.' आपल्याकडे तसे करता येत नाही. का करता येत नाही, आणि जे करता येते ते कोणत्या मार्गाने आपल्यापर्यंत आले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. अंधेरी-मरोळपासून मुलुंडपर्यंतच्या आपल्या कॅथलिक कुटुंबांचा तर त्यात विशेष संबंध आहे, कारण एकाच धर्मग्रामात एकाच बाकावर बसणाऱ्या दोन जोडप्यांना या बाबतीत दोन निराळे कायदे लागू असू शकतात.

पतीच्या देण्यापायी पत्नीला धरण्याची रीत फार प्राचीन आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील, अठराव्या अध्यायातला, क्षमा न करणाऱ्या चाकराचा दाखला आठवावा. त्या चाकराकडे फेडायला काही नाही असे पाहून राजा हुकूम सोडतो की, त्याला, त्याच्या बायकोला, मुलांना आणि असेल नसेल ते सारे विकून वसुली करा. ऐकणाऱ्यांना या हुकमाचे आश्चर्य वाटले नसावे. दाखल्यातील आश्चर्य पुढे येणाऱ्या क्षमेचे आहे. नहेम्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तर थेट कराचाच उल्लेख आहे. राजाचा कर भरण्यासाठी शेते आणि द्राक्षमळे गहाण पडले आणि मुलामुलींना दास्यात देण्याची पाळी आली, असा आक्रोश तेथील लोक करतात. त्यात स्त्रियांचाही आवाज होता, हे त्या लेखकाने मुद्दाम नोंदवले आहे.

आपल्या देशातील जुनी शास्त्रे या बाबतीत अधिक विवेकी होती असे म्हणावे लागेल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ऋणासंबंधी जे प्रकरण आहे, त्यात पतीने केलेल्या ऋणासाठी, त्या ऋणाला संमती न दिलेल्या पत्नीला धरू नये असा नियम आहे. त्याला अपवाद गवळ्यांचा आणि अर्ध्या वाट्याने शेती कसणाऱ्यांचा. कारण उघड आहे. ज्या घरात दोघांच्या कष्टाने एकच उत्पन्न येते, तेथे देणेही दोघांचे. उत्पन्न कोणाचे हे आधी ठरवावे आणि मग जबाबदारी ठरवावी, हा विचार त्यात आहे, आणि पुढे शेकडो वर्षांनी प्राप्तिकराचा वाद नेमका याच मुद्द्यावर येऊन थांबणार होता.

इंग्लंडचा प्रवास मात्र उलट्या वाटेने झाला. तेथील जुन्या कायद्यानुसार विवाह होताच स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होत असे. तिचे उत्पन्न ते पतीचे, तिचा कर तो पतीचा. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा हक्क मिळाला, पण प्राप्तिकराचा कायदा जुनाच राहिला. पत्नीचे उत्पन्न पतीचेच मानले जाई आणि कर भरण्याची जबाबदारी त्याच्यावर असे. म्हणजे तिची मालमत्ता तिच्या ताब्यात, तिचा हिशेब सांगण्याची सक्ती तिच्यावर नाही, आणि त्या हिशेबावरचा कर मात्र पतीच्या माथी. या विसंगतीचा परिणाम लंडनमधील मार्क विल्क्स नावाच्या शिक्षकाला भोगावा लागला.

विल्क्स यांच्या पत्नी एलिझाबेथ या डॉक्टर होत्या आणि त्यांची स्वतंत्र मिळकत होती. स्त्रियांना मताधिकार नाही तर करही नाही, अशी भूमिका घेऊन १९०९ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या कर-प्रतिकार संघटनेच्या त्या सभासद होत्या. कर न दिल्यामुळे सरकारने आधी त्यांचेच सामान जप्त केले. तेव्हा त्यांनी अचूक हरकत घेतली की, कायद्याच्या दृष्टीने मी करदातीच नाही, मग माझे सामान कसे जप्त करता? सरकारला कायदा पाळावाच लागला. त्याने मोर्चा पतीकडे वळवला. विल्क्स म्हणाले, पत्नीचे उत्पन्न किती हे मला ठाऊक नाही, ते सांगण्यास मी तिला भाग पाडू शकत नाही, आणि शिक्षकाच्या पगारातून तिचा कर भरणे मला शक्यही नाही. सप्टेंबर १९१२ मध्ये त्यांची रवानगी ब्रिक्स्टनच्या तुरुंगात झाली. लोकांत मोठा क्षोभ उसळला, सभा झाल्या, आणि सुमारे दोन आठवड्यांनी त्यांना सोडून देण्यात आले. नाटककार बर्नार्ड शॉ यांनीही त्याआधी, १९१० मध्ये, पत्नीचे उत्पन्न सांगण्यास हाच युक्तिवाद करून नकार दिला होता. पत्नीच्या करासाठी पती तुरुंगात, आणि पत्नी घरी मोकळी, असा हा प्रकार. आपल्या विषयाची ही उलटी बाजू आहे, पण तिच्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. कर एकाच्या नावे आणि उत्पन्न दुसऱ्याच्या हाती असे ठेवले की कोणीतरी निष्कारण गजाआड जातो. तरीही इंग्लंडला पतिपत्नींची करआकारणी पूर्णपणे वेगळी करायला १९९० साल उजाडले.

हिंदुस्थानात त्याच इंग्रजांनी हे बरेच आधी केले होते. जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये, बंडानंतरची सरकारी तूट भरून काढण्यासाठी, येथे प्राप्तिकर आणला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यास त्यांचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी आलेला १८६५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम आपल्या समाजाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. हिंदू आणि मुसलमान यांना तो लागू नव्हता. ख्रिस्ती लोकांना होता. त्याच्या चौथ्या कलमाने जाहीर केले की, विवाहामुळे कोणत्याही व्यक्तीला आपल्या जोडीदाराच्या मालमत्तेत हितसंबंध प्राप्त होणार नाही. हा कायदा १ जानेवारी १८६६ पासून अमलात आला. इंग्लंडच्या स्त्रीला आपल्या संपत्तीसाठी अजून काही वर्षे थांबायचे होते. साष्टीतील कोळीवाड्यात वा गावठाणात लग्न करून आलेल्या ईस्ट इंडियन वधूला तो हक्क आधीच मिळाला होता. तिला त्याची वार्ता कोणी दिली असेल का, याबद्दल मला शंका आहे. हेच तत्त्व १९२५ च्या उत्तराधिकार अधिनियमाच्या विसाव्या कलमात आले. दरम्यान १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता अधिनियमाने स्त्रीची मजुरी व कमाई तिची स्वतंत्र मालमत्ता ठरवली. पतीने आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसी पत्नी व मुलांच्या लाभासाठी म्हणून या कायद्याखाली घेतली, तर ती त्यांच्यासाठी न्यास समजली जाते आणि पतीच्या धनकोंना तिच्यावर हात टाकता येत नाही, हेही त्याच कायद्याचे देणे. विम्याच्या अर्जावरील त्या छोट्या चौकटीकडे किती जण लक्ष देतात?

या पायावर १९२२ चा प्राप्तिकर कायदा उभा राहिला. त्यात व्यक्ती, अविभक्त हिंदू कुटुंब, कंपनी, भागीदारी संस्था, अन्य मंडळी असे करदाते सांगितले आहेत. 'जोडपे' नावाचा करदाता त्यात नाही. १९६१ च्या अधिनियमातही तो नव्हता. याचा फायदा घेऊन काही श्रीमंतांनी पत्नीला नावापुरते भागीदार करून उत्पन्न वाटून दाखवण्यास सुरुवात केली, तेव्हा १९३७ मध्ये सरकारने एक कुंपण घातले. पुरेसा मोबदला न घेता पत्नीला दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न, तसेच पतीच्याच संस्थेतील तिच्या भागीदारीचे उत्पन्न, पतीच्या उत्पन्नात मिळवावे असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. १९६१ च्या अधिनियमातील चौसष्टावे कलम तिचाच वारस. या कुंपणाशी बंदिवानाच्या पत्नीची गाठ कशी पडते ते पुढे येईलच.

तुरुंग आणि मालमत्ता यांचा संबंधही पूर्वी निराळा होता. युरोपात काही देशांत दीर्घ शिक्षा झालेला माणूस नागरी दृष्ट्या मृत समजला जाई. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत इतके टोक नव्हते, पण बासष्टावे कलम कडक होते. सात वर्षे वा अधिक कारावास किंवा काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तर शिक्षेच्या काळात त्या इसमाच्या सर्व मालमत्तेचे भाडे व नफा सरकारजमा करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकत असे; त्याच्या कुटुंबाला किती द्यायचे ते सरकारच्या मर्जीवर. म्हणजे कर भरण्याचा प्रश्नच उरत नव्हता, कारण उत्पन्नच उरत नव्हते. हे कलम १९२१ मध्ये रद्द झाले. तेव्हापासून बंदिवान हा आपल्या घरभाड्याचा, ठेवींच्या व्याजाचा आणि दुकानाच्या नफ्याचा मालक राहतो, आणि म्हणून त्यावरील कराचा देणेकरीही तोच राहतो. हे दोन्ही एकत्रच लक्षात घ्यायला हवे. अलीकडे काही विशेष कायद्यांखाली गुन्ह्यातून आलेली मालमत्ता जप्त होऊ शकते, तो विषय वेगळा.

आपल्या उपनगरांनी करापायी तुरुंगात गेलेली माणसे पुष्कळ पाहिली आहेत. १९३० मध्ये मिठावरील कराविरुद्ध सत्याग्रह झाला, तेव्हा विलेपार्ले येथे छावणी उभारण्यात आली होती आणि जमनालाल बजाज, किशोरलाल मशरूवाला यांच्यासारखे तिचे नेते पकडले गेले. वडाळ्याच्या मिठागरांवर लोकांनी धाडी घातल्या. सत्याग्रही दंड भरत नसत, आणि दंडाच्या वसुलीसाठी चीजवस्तूंवर जप्ती येऊ शकत असे. जप्तीचा अंमलदार दाराशी येई त्या वेळी घरात असे ती पत्नी, आणि घरातील भांडे कोणाचे, दागिना कोणाचा, हा प्रश्न उंबऱ्यावरच उभा राहत असे.

प्राप्तिकर थकवणाऱ्याला दिवाणी तुरुंगात ठेवण्याची तरतूद १९६१ च्या अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत होती. थकबाकी २५० रुपयांहून अधिक असेल तर सहा महिने, अन्यथा सहा आठवडे. सुटका झाली म्हणून देणे फिटत नाही, असेही तेथे स्पष्ट म्हटले होते. त्याच अनुसूचीत आणखी एक नियम होता की, वसुली अधिकाऱ्याने स्त्रीला अटक करण्याचा व दिवाणी तुरुंगात ठेवण्याचा आदेश देऊ नये. पतीच्या थकबाकीपायी 'तुम्हालाच उचलून नेऊ' असा धाक घालणारे मध्यस्थ भेटतात. त्या धाकाला या कायद्यात आधार नव्हता. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बँकेच्या कर्जाच्या एका प्रकरणात, केवळ फेडण्याची ऐपत नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही, अप्रामाणिकपणा दिसला पाहिजे, असा महत्त्वाचा निर्णय दिला, तो येथे आठवतो.

आता गोव्याकडे वळू. मुलुंडहून खाडीच्या दिशेने गेले की ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह लागते. त्याच्या भिंती मुळात पोर्तुगिजांनी १७३० नंतर बांधायला घेतलेल्या किल्ल्याच्या आहेत. काम पुरे होण्यापूर्वीच, १७३७ मध्ये, मराठ्यांनी तो घेतला. १७७४ च्या अखेरीस इंग्रज आले आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. त्या किल्ल्याबरोबर साष्टीतून पोर्तुगीज कायदाही गेला. गोव्यात तो राहिला. म्हणूनच येथील ईस्ट इंडियन कुटुंब आणि गोव्याहून रोजगारासाठी येऊन कुर्ल्या-अंधेरीत स्थायिक झालेले कुटुंब, दोघांची श्रद्धा एक असली तरी विवाहाचा मालमत्तेवरील परिणाम एक नाही.

पोर्तुगीज परंपरेत जुन्या राजाज्ञांपासून विवाह म्हणजे अर्ध्या-अर्ध्या वाट्याचा व्यवहार मानला जाई. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने तीच रूढी पुढे चालवली. ही संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नीची सारी मालमत्ता सामाईक होते. याला पोर्तुगिजांत 'कोमुन्यांव दोस बेन्स' म्हणतात. या मालमत्तेचा कारभार पतीकडे, आणि तो अनुपस्थित असेल वा त्याला अडचण असेल तर पत्नीकडे, अशी योजना त्या संहितेत होती. कारावास ही अशा अडचणींपैकी सर्वांत ढळढळीत म्हटली पाहिजे.

गोवा मुक्त झाल्यावर १ एप्रिल १९६३ पासून तेथे भारताचा प्राप्तिकर लागू झाला आणि अधिकाऱ्यांची पंचाईत झाली. पती म्हणे अर्धे उत्पन्न माझ्या पत्नीचे आहे. मग हे दोन करदाते समजायचे, की दोघांचा मिळून एक 'व्यक्तींचा समूह' समजून एकत्र कर घ्यायचा? समूह मानले तर कराचा दर चढा पडे. हा वाद तीस वर्षे चालला. १९९४ च्या वित्त अधिनियमाने, डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना, प्राप्तिकर अधिनियमात कलम ५-अ घातले आणि त्याचा अंमल मागे जाऊन १९६३ पासूनच धरला. कायदा करणाऱ्यांनी त्यात संहितेचे साल १८६० असे लिहिले, ही गंमत वेगळी; खरी संहिता १८६७ ची. कलमाचा आशय असा की, या पद्धतीखालील पतिपत्नींच्या उत्पन्नाला समूहाचे उत्पन्न समजू नये; प्रत्येक शीर्षाखालचे उत्पन्न निम्मे-निम्मे वाटून दोघांच्या स्वतंत्र विवरणपत्रांत दाखवावे. वेतन मात्र ज्याने कमावले त्याचेच. १९६१ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने २०२५ मध्ये नवा प्राप्तिकर अधिनियम संमत केला. १ एप्रिल २०२६ पासूनच्या करवर्षांसाठी असलेल्या या कायद्यातही ही तरतूद ठेवलेली आहे.

अमेरिकेतील आप्ताची गोष्ट सुरुवातीला निघाली होती. तिकडील एकत्रित विवरणपत्राची कुळकथा आपल्या गोव्याच्या कायद्याची चुलत बहीणच आहे. कॅलिफोर्निया, टेक्सास यांसारख्या राज्यांत स्पॅनिश परंपरेतून आलेली वैवाहिक मालमत्तेची सामायिकता होती. १९३० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन राज्यातील एका खटल्यात मान्य केले की, अशा राज्यांतील पतिपत्नींना उत्पन्न अर्धे-अर्धे वाटून दोन विवरणपत्रे भरता येतील. त्यामुळे त्यांचा कर कमी झाला आणि इतर राज्यांतील जोडपी कुरकुरू लागली. अखेर १९४८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सर्वच जोडप्यांना ही सवलत एकत्रित विवरणपत्राच्या रूपाने दिली. इबेरियातून निघालेली एक रूढी तिकडे देशभर पसरली, आणि आपल्याकडे ती गोवा, दमण-दीव व दादरा-नगरहवेलीपुरती राहिली. तिकडच्या सवलतीची किंमतही आहे. एकत्रित विवरणपत्रावर दोघांनी सही करायची आणि साऱ्या करासाठी दोघांपैकी प्रत्येक जण पूर्णपणे जबाबदार. पतीने लपवलेल्या उत्पन्नासाठी निरपराध पत्नी अडकू लागली, तेव्हा १९७१ मध्ये आणि अधिक उदारपणे १९९८ मध्ये तिच्या सुटकेची तरतूद त्यांना करावी लागली. न्यू जर्सीतील एखाद्या मराठी स्त्रीचा पती तुरुंगात असेल, तर एकत्र भरावे की वेगळे, याचा विचार तिने याच धोक्यासाठी करायचा असतो. अंधेरीच्या स्त्रीपुढे तो पर्याय नाही, आणि तो धोकाही नाही. मला स्वतःला आपली व्यवस्था बरी वाटते.

मग येथील पत्नीने काय समजावे? ती ईस्ट इंडियन असो, मंगळुरी असो वा वसईची, तिचे विवरणपत्र तिचे आणि पतीचे पतीचे. पतीच्या कारावासाने तिच्या करात अधिक-उणे काही होत नाही. पतीचे देणे तिच्यावर येत नाही. मृत्यूनंतर वारसाला मिळालेल्या संपत्तीच्या मर्यादेत मृताचा कर भरावा लागतो. पण बंदिवान हा जिवंत आहे, त्याचा 'वारस' म्हणून पत्नीला नोटीस देता येणार नाही. एक अपवाद मात्र ध्यानात असू द्यावा. अटकेच्या भीतीने घाईघाईत घर वा ठेवी पत्नीच्या नावे करून ठेवण्याची प्रवृत्ती असते. अशा बक्षीस मालमत्तेचे उत्पन्न चौसष्टाव्या कलमाच्या कुंपणात येते आणि पतीच्याच उत्पन्नात धरले जाते; पासष्टाव्या कलमानुसार त्या उत्पन्नावरील कराची वसुली मात्र पत्नीकडूनही करता येत असे. कर चुकवण्यासाठी केलेले हस्तांतर खात्याच्या दृष्टीने निरर्थक ठरू शकते ते आणखी वेगळे. ज्या कागदाने पत्नी सुरक्षित होईल असे वाटते, नेमका तोच कागद तिला वसुलीच्या वाटेत आणून उभा करतो.

भायखळ्याच्या महिला कारागृहात पत्नी असेल आणि घरी पती, तरी हाच नियम बाजू बदलून लागू होतो.

आता सहीचा प्रश्न. विवरणपत्रावर व्यक्तीने स्वतः सही करावी, हा मूळ नियम. परदेशी असलेल्यासाठी आणि मानसिक दृष्ट्या असमर्थ असलेल्यासाठी अपवाद होते. १९६१ च्या अधिनियमाच्या एकशेचाळिसाव्या कलमात आणखी एक वाट होती: अन्य कोणत्याही कारणाने त्या व्यक्तीला सही करणे शक्य नसेल, तर तिने रीतसर मुखत्यारपत्र दिलेल्या इसमाने ती करावी. बंदिवानाची वाट हीच. पत्नी ही पत्नी आहे एवढ्यावर तिला पतीच्या नावे सही करता येत नाही, मुखत्यारपत्र लागते. ते करण्यासाठी कारागृहाच्या अधीक्षकांकडे अर्ज द्यावा, वकिलाकरवी मसुदा आत पाठवावा आणि अधीक्षकांसमोर झालेली सही साक्षांकित करून घ्यावी. खटला चालू असेल तर काही वेळा न्यायालयाची परवानगी मागावी लागते. या खटपटीला वेळ लागतो. म्हणून जुलैची वाट न पाहता भेटीच्या पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच हे मुखत्यारपत्र करून ठेवणे शहाणपणाचे. मुदत टळलीच, तर कारावास हे वाजवी कारण म्हणून मांडता येते. परताव्याचा दावा मुदतीनंतर करायचा झाल्यास खरीखुरी अडचण दाखवून विलंब माफ करण्याची विनंतीही करता येते. माफी मिळेलच असे नाही.

हल्ली विवरणपत्र संगणकावरून भरले जाते आणि पडताळणीचा क्रमांक करदात्याच्या मोबाईलवर येतो. तो मोबाईल बहुधा पोलिसांच्या मुद्देमालात मोहोरबंद पडलेला असतो. कित्येक कुटुंबांची गाडी येथे अडते, आणि मग कोणी तरी पतीचा संकेतशब्द वापरून त्याच्या नावेच विवरणपत्र धाडून मोकळा होतो. ही वाट बरी नव्हे. खात्याच्या संकेतस्थळावर, मुखत्यारपत्र जोडून, पत्नीने पतीची अधिकृत प्रतिनिधी म्हणून नोंद करून घ्यावी. मग क्रमांक तिच्या मोबाईलवर येतो आणि सही कोणी केली याबद्दल पुढे वाद राहत नाही.

गोव्याच्या जोडप्याचे काम याहून थोडे अधिक. आजोबा गोव्याचे होते एवढ्यावर कलम ५-अ लागू होत नाही. त्या जोडप्याचा विवाह त्या कायद्याखाली येतो का हे पाहावे लागते. येत असेल, तर मुंबईतील मालमत्तेबाबतही सावध राहावे. १३ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, गोव्याच्या अधिवासी व्यक्तीच्या गोव्याबाहेरील, त्या प्रकरणी मुंबईतील, घराचा वारसाही गोव्याच्याच कायद्याने ठरेल. समजा, असे एक जोडपे आहे. पत्नी शाळेत शिक्षिका, पतीचे मडगावला दुकान भाड्याने दिलेले, आणि पती सध्या ठाण्याच्या कारागृहात. शिक्षिकेचे वेतन सर्वस्वी तिच्या विवरणपत्रात. दुकानाच्या भाड्याचे मात्र दोन भाग. निम्मे तिच्या विवरणपत्रात, तेथील अनुसूची ५-अ मध्ये पतीचे नाव व पॅन लिहून. निम्मे पतीच्या विवरणपत्रात, त्याची मुखत्यार म्हणून तिच्या सहीने. भाडेकरूने कर कापून घेतला असेल तर त्याचेही श्रेय याच प्रमाणात विभागले जाते. पतीने आपले विवरणपत्र भरले नाही म्हणून त्याचा निम्मा हिस्सा तिच्या माथी बसत नाही, आणि तिने तो आपण होऊन आपल्या विवरणपत्रात दाखवूही नये. पतीच्या हिश्श्याचा काही परतावा निघाला, तर तो त्याच्याच पॅनशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतो. ते खाते दोघांच्या नावे असेल तर ती पैसे काढू शकते. नसेल, तर मुखत्यारपत्रात बँकेच्या व्यवहाराचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे का, हे अधीक्षकांपुढे सही होण्याआधीच पाहून घ्यावे.